जीप उघडलीत, आता आधी नंबर जपा

प्रश्न थोडक्यात असा : सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाने २०२३ मध्ये शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याकडून १९७२ची महिंद्रा सीजे-३बी, म्हणजे उंच बॉनेटची पेट्रोल जीप, ८५,००० रुपयांना घेतली. व्यवहार १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाला. आरसी पुस्तक विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर आहे. ते २००९ मध्ये वारले आणि पुस्तकाची मुदत २००४ मध्येच संपली. जीपला कोणीतरी डिझेल इंजिन बसवले आहे, पण पुस्तकात त्याची नोंद नाही. मूळ पेट्रोल इंजिन जाम होऊन ताडपत्रीखाली पडले आहे. चेसिसचे पुढचे टोक सडले आहे, त्यामुळे हरियाणातल्या डबवालीहून ‘कागदासकट’ दुसरी चेसिस आणि नवा टब (पत्र्याची बॉडी) मागवायचा विचार आहे. त्यातच विकणाऱ्याच्या बहिणीने वकिलामार्फत नोटीस पाठवून जीपच्या आजच्या किमतीत चौथा हिस्सा मागितला आहे. जीप मिलिटरी हिरव्या रंगात रस्त्यावर आणायची आहे. काय करावे?

उत्तर : सगळ्यात आधी डबवालीची ऑर्डर थांबवा. तुमच्या प्रश्नात बहीण, इंजिन, मुदत असे बरेच धागे आहेत आणि त्यातला प्रत्येक सुटू शकतो. चेसिस बदललीत तर मात्र सोडवायला काही उरणार नाही. बॉनेट, टब, गिअरबॉक्स, चारही चाके बदलली तरी जीप तीच राहते. आरटीओच्या दृष्टीने जीप म्हणजे चेसिसवर ठोकलेला नंबर. ‘कागदासकट’ येणारी चेसिस ही दुसरीच जीप असते आणि तिचा मालकही दुसराच. तिच्यावर तुमचा जुना नंबर ठोकणे किंवा तुमच्या चेसिसचा नंबराचा तुकडा कापून तिला वेल्ड करणे हे सरळसरळ बनावटीकरण आहे. ती चेसिस चोरीच्या गाडीची निघाली आणि तसा संशय घ्यायला जागा होती असे दिसले, तर भारतीय न्याय संहितेचे चोरीच्या मालाविषयीचे कलम ३१७ लागू होते. नुसता कोरा टब मागवायला हरकत नाही. तो मूळ आकाराचा आणि मूळ आसनांचा असावा, आणि जीएसटीचे बिल घ्या.

सडलेले टोक दुरुस्त करता येते आणि ती दुरुस्तीच ठरते, ‘बदल’ नव्हे. कॅलिपरने मूळ पत्र्याची जाडी मोजा आणि त्याच जाडीची पट्टी लावा. पट्टीचे टोक सरळ उभे कापू नका, तिरके किंवा माशाच्या शेपटीसारखे कापा. उभ्या वेल्डवर सगळा ताण एका रेषेत येतो आणि पहिल्याच खडबडीत रस्त्यावर वेल्डच्या कडेने तडा जातो.

मात्र ग्राइंडर हातात घेण्याआधी नंबर शोधा. रॉकेल आणि पितळी ब्रशने ती जागा साफ करा. लोखंडी कप ब्रश किंवा सँडब्लास्टिंग नको, कारण पन्नास वर्षांच्या गंजाखाली अक्षरांची खोली आधीच कमी झालेली असते. बॅटरीचा उजेड तिरका टाकून फोटो काढा, खडू चोळून पुन्हा काढा, मग कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्या. चेसिस रंगवताना तेवढ्या भागावर टेप लावा. पुट्टी तिथे कधीच नको, नंतर फक्त पारदर्शक लॅकर किंवा ग्रीसचा हात द्या. नंबर वाचताच येत नसेल तर स्वतः पंच उचलू नका. आरटीओला लेखी अर्ज करून तपासणी मागा आणि लेखी परवानगीशिवाय एकही आकडा ठोकू देऊ नका. घासून मिटलेले आकडे आम्लाने वर आणण्याचे तंत्र न्यायवैद्यक प्रयोगशाळांकडे असते. त्यामुळे आजचा पुसट नंबर उद्या सिद्ध होऊ शकतो, ग्राइंडरने उडवलेला मात्र संशयच वाढवतो.

नंबर हाती आला की एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ या सेवेवर चोरीची नोंद आहे का ते पाहून अहवाल जपून ठेवा. मग मूळ नोंदणीच्या आरटीओतून बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदणीचा उतारा, मागवा. इतकी जुनी गाडी संगणकावर बहुधा सापडणार नाही. मग बॅकलॉग एंट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्यासाठी, पुस्तकाच्या प्रतीसह अर्ज द्यावा लागतो. एक्स्ट्रॅक्टमधला चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, आसनसंख्या आणि रंग तुमच्या फोटोंशी ताडून पाहा. पुस्तकावर जुन्या कर्जाचा बोजा दिसला तर त्याचा नाहरकत दाखलाही लागेल.

आता बहिणीची नोटीस. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६च्या कलम ८ प्रमाणे विधवा पत्नी, मुलगा आणि मुली समान वारस आहेत. मृताची आई २००९ मध्ये हयात असती तर तीही. तुमच्या पत्रानुसार विकणारा भाऊ, त्याची आई (मृताची पत्नी) आणि दोन बहिणी असे चार वारस आहेत, म्हणून प्रत्येकाचा चौथा हिस्सा. भावाने एकट्याने सगळी जीप विकली, तर कायद्याने तो फक्त आपला हिस्सा देऊ शकतो. याला वस्तुविक्री कायद्याच्या कलम २८चा एक अपवाद आहे. सहमालकांच्या संमतीने वस्तू एकाच्याच ताब्यात असेल आणि घेणाऱ्याला त्याच्या अधिकारातली उणीव माहीत नसेल, तर प्रामाणिक खरेदीदाराला पूर्ण मालकी मिळते. पण त्यावर सगळा भार टाकू नका. पुस्तक मृत वडिलांच्या नावावर होते हे तुम्हाला सौद्याच्या वेळी ठाऊक होते, आणि कोर्ट नेमका हाच प्रश्न विचारेल.

तरी बहीण मागते तेवढे देणे लागत नाही. तिचा हक्क वडिलांच्या जीपवर आहे, तुम्ही घातलेल्या पैशांवर आणि मजुरीवर नाही. विक्रीच्या किमतीवर चौथा हिस्सा २१,२५० रुपये होतो आणि तो तिने मुख्यतः भावाकडे मागायला हवा. म्हणून प्रत्येक पार्टचे बिल, लेथवाल्याची पावती, तारखेचे फोटो जपा. ‘आधी काय होते आणि नंतर काय झाले’ याचा तोच पुरावा. नोटिशीला वकिलामार्फत शांत उत्तर द्या. भावाला सोबत घेऊन आई आणि दोन्ही बहिणींची संमतीची प्रतिज्ञापत्रे मिळवा, आणि लागले तर भावाच्या पैशातून हिस्सा चुकता करा. त्यांना एक गोष्ट समजावून सांगा. अपघात झाल्यास कागदावरचा मालकच नुकसानभरपाईला जबाबदार धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या निकालात स्पष्ट केले आहे. इथे कागदावर वडील आहेत, म्हणजे उद्या नोटीस वारसांच्या दारात जाईल. सही करण्यात त्यांचाही फायदा आहे.

कागदाचा क्रम असा : मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या प्रतिज्ञापत्रांसह फॉर्म ३१ भरून आधी जीप भावाच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० भरून तुमच्या नावावर. वडिलांच्या नावावरून थेट तुमच्या नावावर नेण्यासाठी ‘त्यांची जुनी सही’ जुळवून देणारे एजंट भेटतील. २००९ मध्ये वारलेल्या माणसाची आजच्या तारखेची सही म्हणजे तुमच्याच फाइलमध्ये ठेवलेला गुन्ह्याचा पुरावा. आरटीओने वारस दाखला मागितलाच तर तो १८२७च्या मुंबई रेग्युलेशन आठप्रमाणे दिवाणी न्यायालयातून मिळतो. वेळ लागतो, पण अडत नाही.

डिझेल इंजिन उतरवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. कलम १८२-अ (४) मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. इंजिन आधीच्या मालकाने बसवले म्हणून आरटीओ ते नोंदवून देणार नाही.

ताडपत्रीखालचे इंजिन हाच तुमचा खजिना आहे. ही हरिकेन एफ-हेड मोटर, साधारण २,२०० सीसी, चार सिलिंडरची. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सचे पातळ ऑइल समप्रमाणात सोडा आणि आठवडाभर ठेवा. मग हँडलने पुढे-मागे अलगद हलवा. पहिल्याच दिवशी जोर लावला तर रिंग तुटून बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) ओरखडे पडतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेले असतील तर ते बाजूच्या झाकणातून सोडवावे लागतात. बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन घातले तरी इंजिन तेच राहते. लेथवाल्याला एवढेच बजावा की ब्लॉकच्या पुढच्या बाजूला वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर इंजिन नंबर आहे, तिथे कटर लावायचा नाही. हा ब्लॉक वाचण्यापलीकडे गेला असेल, तर त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बिलासह घ्या. ते बसवण्याआधी आरटीओची परवानगी मिळवा.

मिलिटरी हिरव्याचा विचार सोडा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी आहे. जीपवाल्यांना हा नियम कडू वाटतो, पण तपासणीत तो पहिल्या नजरेत दिसतो. पुस्तकातला मूळ रंग द्या. दुसरा हवा असेल तर अर्ज करून नोंद बदला.

आता नूतनीकरण करावे की व्हिंटेज नोंदणी? तुमची जीप ५० वर्षांच्या पुढे गेली आहे. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला २०,००० रुपये फी आहे, ती दहा वर्षे चालते आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेले चालत नाही. शिवाय ती जीप प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर येते. शेतावर किंवा बाजारात न्यायची असेल तर फॉर्म २५ भरून साधे नूतनीकरण बरे. ते पाच वर्षांसाठी मिळते. उशिराचे शुल्क खाजगी चारचाकीला महिन्याला ५०० रुपये आहे. फी, पर्यावरण कर आणि उशिराचे शुल्क यांचा आकडा कार्यालयाकडून लेखी घ्या, मगच भरा. पंधरा वर्षांवरची गाडी भंगारातच जाते ही भीती दिल्ली परिसरातल्या निर्बंधांवरून आली आहे. महाराष्ट्रात तपासणीत पास झालेली गाडी नूतनीकृत होते.

तपासणीला जीप ट्रकवर घालून न्या. नोंदणी नसलेली गाडी चालवल्यास कलम १९२प्रमाणे पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, आणि विमा नसेल तर कलम १९६ वेगळे लागते. नेण्याआधी ब्रेक चारही चाकांवर सारखे लागतात का, स्टिअरिंगचा मोकळा खेळ, दिवे आणि वायपर तपासा. बाहेर आलेले रुंद टायर आणि पुढचा बुल बार काढून ठेवा. इन्स्पेक्टर आले की चेसिस नंबरावरची टेप त्यांच्यासमोरच उचला.