पान उलटलं पाहिजे

मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या सॅकमधून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक डोकावत होतं. काय वाचतेस विचारलं, तर म्हणालीस, "काही नाही काका, टाइमपास." आणि जाताना तू लिहीत असलेल्या हेरकथेचं चाळीस पानांचं बाड टेबलावर ठेवून पुटपुटलीस, "हेच लिहू की काहीतरी गंभीर लिहू, कळत नाहीये."

बाड वाचलं. त्याबद्दल बोलूच, पण आधी ते कव्हर काढ.

गंभीर म्हणजे काय गं? ज्याचं पान उलटवत नाही ते? तुझ्या विभागातल्या सरांनी नाक मुरडलं असेल. मुरडू दे. पान उलटलं पाहिजे, बाकीचं नंतर बघू.

१९७१ साली फ्रेडरिक फोर्सिथ या इंग्रज लेखकाची 'द डे ऑफ द जॅकल' ही थरारकादंबरी आली. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला एक भाडोत्री मारेकरी निघतो, एवढीच गोष्ट. आणि द गॉल तर १९७० च्या नोव्हेंबरात स्वतःच्या घरी वारलेले! म्हणजे मारेकऱ्याचा डाव फसणार, हे वाचकाला पुस्तक हातात घेतानाच ठाऊक. शेवट आधीच ठाऊक, म्हणून काही प्रकाशकांनी बाड परतही केलं होतं. तरी जगभर माणसांनी रात्री जागवल्या. कारण तो मारेकरी ऊर फुटेस्तोवर धावत नाही. लहानपणीच वारलेल्या मुलाचं नाव तो कबरीवरून उचलतो, त्याच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढतो, बंदूक कशी हवी ते कारागिराला बारीकसारीक समजावतो. तिकडे पॅरिसमध्ये एक पोलीस अधिकारी हॉटेलांतल्या नोंदींचा ढीग उपसत बसलाय. दोन्हीकडे नुसती कारकुनी! पण त्या दोघांपेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं, म्हणून जीव टांगणीला लागतो. चार दिवसांनी काय होणार यापेक्षा आत्ता, या खिडकीवरच्या बाबूला खोटा दाखला ओळखू येईल का, हे महत्त्वाचं होऊन बसतं.

आता तुझा नायक. पुण्यात स्वारगेटपासून कात्रजच्या बोगद्यापर्यंत पाठलाग, चार गाड्यांचा चुराडा, आणि मला जांभई. त्यानंतर जोडप्यांनी भरलेल्या झेड ब्रिजवर उभं राहून अकरा पानं देशाचा विचार. अकरा! एवढा वेळ तिथं उभं राहिलं तर मागचं जोडपंसुद्धा वैतागून उठून जाईल.

मात्र एकतिसावं पान. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली ती लेखनिक दुपारी डबा उघडायला जाते आणि बघते, तर झाकणाची कडी उजवीकडे. ती रोज डावीकडे लावते. बस्स, एवढंच. तिथं मी चहा गार होऊ दिला.

मी हे कुठल्या तोंडानं सांगतोय, तर ऐक. ऐंशीच्या दशकात टोपणनावानं मी एकोणीस हेरकथा लिहिल्या. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक यांनी हजाराच्या घरात रहस्यकथा लिहिल्या, त्यांच्यापुढं आपण किस झाड की पत्ती. आमचं गणित ठरलेलं: सोळा पानांचा एक फॉर्म, आठ फॉर्म, एकशे अठ्ठावीस पानं, त्यातच खून, नकाशा आणि निकाल बसवायचा. शनवार पेठेतल्या छापखान्यात मी मजकूर घेऊन जायचो. तिथला कंपोझिटर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचा, म्हणजे माझी गोष्ट तो एकेका अक्षरानं, तीही उलटी वाचायचा. एकदा जेवायची सुट्टी झाली, बाकीचे उठले, आणि हा हातात खिळे जुळवायची स्टिक धरून, शाईनं काळी झालेली बोटं तशीच ठेवून मला म्हणाला, "साहेब, तळघरातला माणूस कोण ते तरी सांगून जा." मला मिळालेला हा एकमेव पुरस्कार. प्रकाशकानं अर्धे पैसे बुडवले, तो भाग सोड.

पुढं एका लग्नात माझे जुने प्राध्यापक भेटले. "हल्ली काय लिहिता?" मी म्हणालो, "काही विशेष नाही, सर." तुझं "टाइमपास" ऐकलं आणि तेच आठवलं. हेरकथा लिहिणाऱ्या जॉन ल कारेनंही टोपणनाव घेतलं होतं, पण तो ब्रिटिश गुप्तहेर खात्यात नोकरीला होता, स्वतःच्या नावानं छापायला परवानगी नव्हती. त्याला नोकरीची अडचण होती. मला नुसती लाज वाटत होती.

विसावी लिहिलीच नाही. चारशे पानांची सामाजिक कादंबरी लिहिली. हजार प्रती छापल्या. गठ्ठे माळ्यावर आहेत, दर दिवाळीला साफसफाई करताना तुझी काकू विचारते, "यांचं काय करायचं?" तेव्हा घराचे हप्ते होते, मुलीची शाळा होती, रात्री दोनपर्यंत जागून लिहिणं झेपत नव्हतं, हेही खरं आहे. आणि ती कादंबरी अगदीच वाईट नव्हती, भाषा चांगली होती. फक्त पान उलटत नव्हतं. मीसुद्धा ती परत सलग वाचलेली नाही.

तेव्हा पाठलाग काढून टाक. झेड ब्रिज काढून टाक. किराणावाल्यासारखी प्रत्येक पानावर थोडी उधारी ठेव, वाचक वसुलीला पुढच्या पानावर येतोच. आणि कारखान्याच्या गेटवर झडती कशी होते, पास कोण तपासतं, डबा कुठं ठेवतात, हे तिथून निवृत्त झालेल्या कुणाला तरी चहा पाजून विचार. पाहिल्यासारखं लिहिलंस तरच पान उलटेल.

गुरुवारी संध्याकाळी घरीच आहे. सगळं बाड आणू नकोस, बत्तिसाव्या पानापासूनचं नव्यानं लिहून आण. त्या बाईचा डबा कोणी उघडला, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझा,
काका