जुन्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेताना चित्र चांगलं कसं येईल?

तुम्ही लिहिलंय की आई-वडिलांच्या १९९२च्या लग्नाच्या तीन आणि तुमच्या मुंजीची एक अशा चार व्हीएचएस कॅसेट आहेत. एका स्टुडिओतून डीव्हीडी करून घेतली, तर चित्र थरथरतं, कुणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात आणि सगळी माणसं रुंद झाली आहेत. घरी केलं तर बरं होईल का आणि कोणता कन्व्हर्टर घ्यावा, हा तुमचा प्रश्न.

घरी नक्की बरं होईल. यातले दोन दोष कॅसेटचे नाहीतच. माणसं रुंद दिसतात कारण ४:३चं चित्र १६:९ पडद्यावर ताणलंय. रेघांचं कारण वेगळं. आपल्याकडच्या टीव्ही-व्हिडिओच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. ती एकमेकांत चुकीची मिसळली किंवा चित्राचा आकार घाईने बदलला की असा कंगवा दिसतो. दोन्ही चुका डीव्हीडी करणाऱ्याच्या आहेत, कॅसेट अजून चांगल्या असू शकतात.

आमच्या घरच्या चौदा कॅसेट मी दोन पावसाळ्यांच्या मधल्या काळात उतरवल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: चित्राचा दर्जा कॉम्प्युटरपर्यंत पोचायच्या आधीच ठरतो. कन्व्हर्टर कोणता, हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर येतो. आधी कॅसेट, मग व्हीसीआर.

कॅसेट उजेडात धरून खिडकीतून रिळाच्या कडा बघा. पांढरे ठिपके किंवा पीठ भुरभुरल्यासारखा थर दिसला तर ती बुरशी. आमचं घर चिपळूणचं, त्यामुळे चौदातल्या पाच कॅसेटना ती लागली होती. पहिली मी न बघताच लावली आणि पाच मिनिटांत पडद्यावर नुसता पांढरा पाऊस. व्हीसीआरचा हेड ड्रम, म्हणजे टेप वाचणारी हेडं बसवलेला गोल, मिनिटाला १५०० फेरे घेतो. बुरशीचा कण तिथे अडकला की टेप ओरखडते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. अशी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस ठेवून कोरडी करा, उन्हात ठेवू नका. पुसायचं काम घराबाहेर, तोंडाला मास्क लावून. थर जाड असेल तर स्वतः करू नका, हे काम नेहमी करणाऱ्याकडे द्या. कॅसेटचं नुसतं प्लॅस्टिकचं खोकं तुटलं असेल तर घाबरू नका. पाच स्क्रू काढून रिळं दुसऱ्या खोक्यात बसवता येतात.

लावण्याआधी मागच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही छापलं जाणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या टेपचा ताण त्याने सारखा होतो.

व्हीसीआर मिळवणं हे सगळ्यात कष्टाचं. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं, त्यानंतर नवा व्हीसीआर कुणी बनवलेला नाही. ओळखीत विचारा, जुन्या वस्तूंच्या बाजारात बघा, आणि चालतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एस-व्हीडिओची (रंग आणि उजेड वेगळे पाठवणाऱ्या वायरची) जागा असलेलं एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसच्या वरच्या दर्जाचं मशीन मिळालं तर उत्तम, नाहीतर शेवटच्या काळातला चांगला हाय-फाय व्हीसीआरही चालेल. हेड स्वच्छ करताना शॅमॉय या मऊ कातड्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, कातडं ड्रमला टेकवून धरा आणि ड्रम हाताने आडवा फिरवा. वर-खाली घासलंत तर हेड मोडेल. कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू अडकतात.

आता थरथर. टेप थोडी ताणलेली असते, त्यामुळे प्रत्येक ओळ किंचित पुढे-मागे सुरू होते. मंडपाचा खांब किंवा दाराची चौकट बघा, सरळ रेघ नागमोडी दिसेल. हे नंतर सॉफ्टवेअरने नीट होत नाही, वाटेतच सावरावं लागतं. त्यासाठी टाइम बेस करेक्टर, म्हणजे प्रत्येक ओळ वेळेवर सुरू करून देणारं यंत्र हवं. ते महाग असतं, पण स्वस्त मार्ग आहे: पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर. त्यात काही रेकॉर्ड करायचं नाही. व्हीसीआरची वायर त्यात आणि त्याची वायर कॅप्चर कार्डात (चित्र कॉम्प्युटरवर घेणारा, तुम्ही विचारलेला कन्व्हर्टर तो हाच). सिग्नल नुसता त्यातून गेला तरी खांब सरळ होतो. सगळे रेकॉर्डर हे करत नाहीत, म्हणून नाव दिलं.

कॅप्चर कार्ड घेताना दोन-चारशे रुपयांच्या डोंगलपासून लांब राहा. त्यात नवरीच्या शालूवरची जर आणि हॅलोजनच्या झोतातले चेहरे पांढरेफटक होतात, आणि एकदा गेलेला तपशील परत येत नाही. रेकॉर्ड करताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, अर्धी चित्रं आहेत तशीच ठेवून. व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हफवाययूव्हीसारखा काहीही न गाळणारा कोडेक (चित्र दाबून साठवायची पद्धत) वापरा. तासाला साधारण ३० ते ४० जीबी लागतील. एवढी जागा कशाला, असं घरचे म्हणतील. घ्या तरीही, कारण हीच तुमची मूळ प्रत. डीव्हीडी ही फक्त तिच्यावरून काढलेली एक नक्कल. गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल तर थांबून पुन्हा सुरुवात करा, नाहीतर आवाज आणि ओठ जुळणार नाहीत.

चित्राच्या तळाशी काही ओळी फाटलेल्या दिसतील. ती एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना उमटणारी नेहमीची खूण आहे, तेवढी पट्टी काळी करा, पण कापून चित्र मोठं करू नका. शालूचा लाल रंग कडेबाहेर सांडलेला दिसेल, तोही व्हीएचएसचा स्वभाव. त्यात रंगाचा तपशील मुळातच फार कमी साठवला जातो. एआयने चित्र मोठं करून देणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जाऊन मेणाचा पुतळा येतो, आणि आपल्याला तर आजी हवी असते.

डीव्हीडीसाठी एमपेग-२ (डीव्हीडीवरचा चित्राचा साचा) करताना ४.७ जीबीच्या एका डिस्कवर एकच तास ठेवा, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारी जागा, ८ एमबीपीएसच्या आसपास. दोन तास बसवायचे तर ५च्या खाली येतो आणि गर्दीच्या प्रसंगांत, अक्षता पडताना विशेषतः, चौकोन दिसतात. तीन तास एकाच डिस्कवर हवेच असतील तर ३५२ बाय ५७६ आकार घ्या. तो डीव्हीडीच्या नियमांत बसतो, आणि व्हीएचएसचा आडवा तपशील जेमतेम २४० रेघांचा असल्याने नुकसान थोडं होतं. डीव्हीडीसाठी अर्धी चित्रं जोडू नका, त्यांचा क्रम मात्र बरोबर सांगा. उलटा पडला तर चालणारा माणूस धक्के खात चालतो. फोनवर बघायला वेगळी फाइल करा, अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करून सेकंदाला ५० फ्रेमची. डिस्क सावकाश, ४ किंवा ८च्या वेगाने बर्न करा, वर कागदी लेबल चिकटवू नका. मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली एखादी कॅसेट असेल तर ती एनटीएससी, म्हणजे पालऐवजी तिकडच्या पद्धतीची असणार. तिला दोन्ही पद्धती चालवणारा मल्टिसिस्टीम व्हीसीआर लागेल.

एक काम मात्र आजच करा. लग्नाचं शूटिंग ज्यांनी केलं त्यांच्याकडे मूळ, न कापलेल्या कॅसेट आहेत का ते विचारा. घरी दिलेली कॅसेट ही बहुतेक वेळा मिक्सिंग करून काढलेली दुसरी किंवा तिसरी नक्कल असते, आणि दर नकलेत रंग फिके होतात. शिवाय त्या काळी विधींवर सिनेमाची गाणी चढवायचे, खालचा आवाज पुसला जायचा. आमच्या काकांच्या लग्नात आत्याने म्हटलेली मंगलाष्टकं घरच्या कॅसेटवर नव्हतीच. शूटिंगवाल्यांच्या माळ्यावर एक मूळ कॅसेट निघाली, तिच्यात ती सबंध मिळाली, मधेच तिला आलेल्या हुंदक्यासकट. बहुतेक ठिकाणी त्या कॅसेट पुन्हा वापरून पुसल्या गेल्यात, पण विचारायला एक फोन पुरतो.

सराव मात्र या चार कॅसेटवर करू नका. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली एखादी जुनी कॅसेट घ्या आणि ती तीन-चार वेळा उतरवून, डिस्क करून, घरच्या टीव्हीवर लावून बघा. माणूस बारीक, खांब सरळ आणि हात हलताना रेघा नाहीत, एवढं जमलं की मग मुंज लावा, लग्न शेवटी.