शिकवणीचे साडेसहा हजार येतात, मग पोटगी मिळेल का?

(ओळख पटू नये म्हणून गाव, व्यवसाय आणि आकड्यांत थोडे बदल केले आहेत.)

या ताई सल्ल्यासाठी आमच्याकडे आल्या तेव्हा माहेरी येऊन पंधरा महिने झाले होते. वय चौतीस, पदरी आठ वर्षांची मुलगी, नवरा चाकणच्या एका कारखान्यात कायम नोकरीत. पहिला प्रश्न त्यांनी खाली बघतच विचारला : "मॅडम, मी शिकवण्या घेते. पैसे येतात म्हटल्यावर पोटगी देणार नाहीत ना? मग अर्जात शिकवणीचं लिहूच नको का?"

ही भीती पुष्कळ जणींना असते आणि नेमकी तिच्यापायीच अर्ज बिघडतो. थोडंफार कमावणाऱ्या बायकोचा पोटगीचा हक्क जात नाही. त्या कमाईत तिला सासरी होतं तसं बऱ्यापैकी जगता येतं का, एवढंच न्यायालय बघतं. 'कमावू शकते' आणि 'प्रत्यक्ष कमावते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं आहे. कमाई लपवणं मात्र अंगाशी येतं. त्यांच्या पासबुकात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सहाशे-सहाशेच्या अकरा नोंदी होत्या, पालकांनी मोबाइलवरून पाठवलेल्या. समोरच्या वकिलाने तेवढं एक पान दाखवलं असतं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवला नसता. आम्ही सांगितलं, "ताई, ६,६०० लिहा. वह्या-खडूंचा खर्च होत असेल तर तोही लिहा."

पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं असतं. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने ते देशभर सक्तीचं झालं. ते प्रकरण आपल्याकडचंच, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेलं. आमच्या मते सगळी पोटगी या शपथपत्रावर उभी असते. वकील कितीही चांगला असला, तरी त्यात नसलेला खर्च त्याला मागता येत नाही.

ताईंनी खर्चाची वही आणली होती. मुलीच्या जुन्या वहीची उरलेली पानं, पेन्सिलीने लिहिलेली : किराणा ३,०००, दूध १,५००, भाजी, मुलीची रिक्षा... बेरीज ९,८००. खर्च नेहमी असाच कमी लिहिला जातो, कारण महिन्याला लागतं तेवढंच आठवतं. वर्षातून एकदा येणारे खर्च आम्ही वेगळे काढायला लावले. शाळेची फी २४,०००, जूनमधली पुस्तकं आणि गणवेश ६,५००, दिवाळीचे कपडे ४,०००, मुलीचा चष्मा २,५००, दाताचा दवाखाना ५,०००. झाले ४२,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. गॅस, वीज, मोबाइल, बसभाडं आणि औषधं यांचे २,३०० राहिले होते. भाड्याचा तर उल्लेखच नव्हता, कारण त्या भावाकडे राहत होत्या. पण भावाने आसरा दिला म्हणून नवऱ्याची जबाबदारी संपत नाही. त्याच वस्तीत दोन खोल्यांचं भाडं ६,००० होतं, तेही मांडलं. एकूण २१,६००. शिकवणीचे ६,६०० वजा जाता तूट १५,०००.

आता नवऱ्याची बाजू. तो सगळ्यांना सांगत होता, "माझ्या हातात ३४,८०० येतात, त्यात आई-वडील." पगारपत्रक हाती आल्यावर एकेक ओळ वाचली. एकूण पगार ५८,०००. भविष्य निर्वाह निधी ३,०००, व्यवसाय कर २००. या कपाती कायद्याने होतात, त्या वजा धरायच्या. पुढे पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता १२,००० आणि स्वतःहून वाढवलेला भविष्य निर्वाह निधी ८,०००. कर्जाची तारीख पाहिली, तर ताई माहेरी आल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली. स्वतःहून ओढवलेल्या अशा कपाती दाखवून पोटगी कमी करून घेता येत नाही. हिशेबाला धरायचा आकडा ५४,८००. आई-वडिलांचा खर्च मात्र खरा असेल तर न्यायालय विचारात घेतं, आणि ते रास्तच आहे.

'पगाराच्या पंचवीस टक्के मिळतात' असं बरेच जण ठामपणे सांगतात. २०१७ च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण योग्य म्हटलं होतं, पण तो सगळ्यांना लागू होणारा नियम नाही.

या प्रकरणात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच कागदाची. माहेरी आल्यावर दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचं ठरवलं होतं : 'आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहोत, एकमेकांकडे काही मागणे नाही.' सही व्हायची होती. असल्या नोटरी केलेल्या कागदाने हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट होत नाही. चालीरीतीने सोडचिठ्ठी चालत असेल, तर ती रीत न्यायालयात सिद्ध करावी लागते. पण पत्नी परस्परसंमतीने वेगळी राहत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पोटगीच्याच कलमाखाली, पोटगी नाकारता येते. म्हणजे घटस्फोट नाहीच, वर पोटगीत अडथळा. सही करू नका, असं आम्ही स्पष्ट सांगितलं. योग्य कारणाने घर सोडावं लागलं असेल तर हक्क जात नाही. ते कारण तारखांसह लिहून ठेवावं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी हे कलम १४४ आलं. अर्ज पत्नी राहते त्या जिल्ह्यात करता येतो, नवऱ्याच्या गावी हेलपाटे नकोत. कुटुंब न्यायालय नसेल तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकिलाला पैसे नव्हते, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस पोहोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आठ महिने गेले. आदेश झाला तो ताईंना ८,००० आणि मुलीला ६,००० असा, अर्ज केल्याच्या तारखेपासून. मागची बाकीच १,१२,००० झाली.

नवऱ्याने दोन महिने भरले आणि थांबला. इथे बायका 'देईल कधीतरी' म्हणून गप्प बसतात. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर तेवढ्या थकबाकीसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. वसुली जप्तीने होते. तरीही पैसे आले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ताईंनी चौथ्या महिन्यात अर्ज केला. नोटीस गेल्यावर पैसे आले आणि पाठोपाठ निरोपही : आठ लाख एकरकमी, परस्परसंमतीने घटस्फोट, विषय संपला.

आठ लाख ऐकून घरचे हरखले. आम्ही कागदावर भागाकार केला. महिना १४,००० म्हणजे वर्षाला १,६८,०००. आठ लाख पाच वर्षंही पुरत नाहीत, मुलगी तेव्हा अठरा वर्षांचीही झालेली नसेल. ठेवीत टाकून सात टक्के व्याज धरलं तरी महिन्याला ४,६६७. शिवाय त्या रकमेत मुलीचाही हिस्सा गुंडाळलेला होता. मुलीचा हक्क आईने सोडून देण्याचा नसतो, तो वेगळाच ठेवायचा.

तीन बैठकांनंतर जुळलं. ताईंना बारा लाख, निम्मे अर्ज दाखल करताना आणि निम्मे अखेरच्या जबाबाच्या दिवशी, दोन्ही डिमांड ड्राफ्टने. मुलीचे ६,००० दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तिच्या नावच्या खात्यात, दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ. मसुद्यात पहिल्यांदा 'ठरलेली रक्कम वेळोवेळी देईन' असं वाक्य होतं. ते खोडून तारीख, खातं आणि आकडा लिहून घेतला, मगच ताईंनी सही केली.