जुन्या यामाहा डीएक्स७ सिंथेसायझरवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) आवाजांची नावं गिचमिड दिसायला लागलीत, आतली बॅटरी घरीच बदलता येते का?

येते. पण स्क्रू काढायच्या आधी आतले आवाज बाहेर काढून ठेवा, बाकीचं सगळं नंतर. काही नावं अजून वाचता येत असतील तर थोडं तरी शिल्लक आहे म्हणायचं.

इतकं ठासून सांगतोय कारण माझे ३२ च्या ३२ आवाज एका दुपारी गेलेत. २००३ साल, बेळगावात पाऊस उघडायचं नाव नाही आणि गणपतीचे कार्यक्रम तोंडावर. आमचा ऑर्केस्ट्रा लहानच, खानापूर, निपाणी, चिकोडी असा फिरायचा, निम्मी गाणी मराठी निम्मी कन्नड. सनईवाला परवडायचा नाही म्हणून सनई माझ्याकडे, आणि ती काही कंपनीची नव्हती, शहापुरात आमच्या माडीवर हेडफोन लावून रात्री दीड-दीड वाजेपर्यंत बसून केलेली, सहाही ऑपरेटर, म्हणजे मशीनमधले आवाज घडवणारे भाग, वापरून, त्यांची लेव्हल एकेक आकड्यानं खालीवर करत. नावाला दहाच अक्षरं मिळतात, तीही इंग्रजी, त्यामुळे 'सनई लग्न' लिहिताना शेवटचा 'ए' मावायचा नाही. दुसरी 'सनई देऊळ', ती बरोब्बर दहात बसायची.

एक दिवस मशीन चालू केलं तर त्या जागी भलतीच चिन्हं. एका दुकानात नेलं. आवाज राहतील नव्हं, असं दोनदा विचारलं मी. "एनू आगूदिल्ल," काही होत नाही, म्हणाला आणि सोल्डरिंग गन लावून माझ्यासमोर जुनी बॅटरी काढली की. यात आवाज रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतात, मशीन बंद असताना त्या रॅमला जिवंत ठेवायला ही ३ व्होल्टची एकच बॅटरी, ती निघाली की संपलं. नवी बसवली, मशीन ठणठणीत, आत सगळा कचरा.

आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक म्हणाले, "पेटीचा भाता बदलल्यासारखं आहे रे, कंपनीचे आवाज परत भर की, त्यात तुझं काय गेलं?" हा वाद आमच्यात कैक वर्षं चालला. भाता बदलला म्हणून पेटीवाल्याचा हात विसरत नाही काका, इथं माझा हातच त्या डब्यात ठेवलेला होता. बनवलेला आवाज हे वादकाचं काम आहे, मशीनचं नाही, आणि दुरुस्तीवाल्यानं विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. 'सनई लग्न' नंतर जवळपास जमली. देवळातली नाही जमली.

तर तुमचं. मिडी केबलनं कॉम्प्युटरला जोडा, फंक्शनमध्ये ८ नंबरच्या बटणावर सिस इन्फो (आवाजांचा डेटा पाठवायची परवानगी) अव्हेलेबल करा, तेच बटण परत दाबलं की ट्रान्समिट येतं, सगळे ३२ आवाज एका फाईलमध्ये जातात, जेमतेम ४ केबी. फाईल नुसती आली म्हणून खूश होऊ नका, ४१०४ बाइट भरतात का बघा, स्वस्तातल्या यूएसबी मिडी केबली मधलाच डेटा खातात.

मग बॅटरी. सीआर२०३२, पण बोर्डावर सोल्डर केलेली असते, घड्याळासारखी खोचलेली नाही. तिथं सरळ होल्डर बसवून घ्या, परत कधी गन लावायला नको. प्लस-मायनस आधी फोटो काढून ठेवा. साध्या सेलला थेट सोल्डर करू नका, तापून फुटतो. काहीजण मशीन चालू ठेवून बॅटरी बदला म्हणजे मेमरी जात नाही असं सांगतात, चालू बोर्डावर गन लावायचा हा मूर्खपणा करू नका. नंतर मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे आवाज चुकून पुसू नयेत म्हणून असलेलं कुलूप, ऑफ करून फाईल परत पाठवा. तुमचे स्वतःचे आवाज नसतील तर मात्र एवढं टेन्शन घ्यायचं कारण नाही, कंपनीचे आवाज नेटवर फुकट मिळतात.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं, उघडायच्या आधी प्लग भिंतीतनं काढा, आत पॉवर सप्लाय आहे. जपानहून आलेला १०० व्होल्टवाला पीस असेल तर आपल्या २३० ला ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका, मागची पट्टी वाचून बघा.