किवांजात नकाराधिकार आडवा आला नव्हता

प्रिय मित्रा,

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतला पाच बड्या देशांचा नकाराधिकार (व्हेटो) गेला की युद्धात सापडलेली सामान्य माणसं वाचतील, असं तू लिहिलंस. नकाराधिकारामुळे परिषद हातावर हात धरून बसते, हे खरंच आहे. त्याविरुद्ध लढ. पण तेवढ्यावर थांबू नकोस.

काँगोतलं किवांजा बघ. नोव्हेंबर २००८. बंडखोरांनी घराघरांत शिरून सुमारे दीडशे लोक मारले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ तिथून मैलभराच्याही आत होता. नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायची मुभा सैनिकांना परिषदेनेच दिलेली होती. वानवा होती ती साध्या गोष्टींची, त्यातही स्थानिक भाषा जाणणाऱ्या दुभाष्यांची. जीव मुठीत धरून आलेला माणूस काय सांगतोय हेच कळत नसेल, तर मुभा काय कामाची?

त्यानंतर काँगोत झालेली एक सुधारणा मला फार मोलाची वाटते. तिथल्याच माणसांना तळांवर संपर्क सहायक म्हणून नेमलं गेलं. गावकऱ्यांनी धोका दिसताच कुणाला फोन करायचा, हे ठरवलं गेलं. अशा पदांची कधी बातमी होत नाही. म्हणूनच शांतिसेनेच्या मोहिमेच्या अंदाजपत्रकात ती टिकतात का, यावर तू नजर ठेव.

अर्थात खबर पोचली म्हणजे तुकडी हलेलच असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत देखरेख कार्यालयाने २०१४ मध्ये तपासलं, तेव्हा वेगवेगळ्या मोहिमांत २०१० ते २०१३ दरम्यान नागरिकांवर झालेल्या हल्ल्यांच्या ५०७ घटनांपैकी जेमतेम २० टक्क्यांत शांतिसेनेने लगेच पाऊल उचललेलं आढळलं. संयुक्त राष्ट्रांना स्वतःचं सैन्य नाही. देश पाठवतील तेच. मोहिमेच्या सेनापतीचा हुकूम आला तरी तुकडीचा अधिकारी अनेकदा आधी आपल्या राजधानीला विचारतो, आणि त्या वेळात गाव जळून जातं. परिषदेतला नकाराधिकार काढूनही ही गाठ सुटणार नाही.

शांतिसेनेने नागरिकांचं रक्षण कसं करावं हे सांगणाऱ्या २०१५ च्या किगाली तत्त्वांनी नेमकं इथेच बोट ठेवलं: तातडीच्या प्रसंगी राजधानीला न विचारता बळ वापरण्याचा अधिकार तुकडीप्रमुखाला द्यायचा. ती पाळणं देशांच्या मर्जीवर आहे.

तेव्हा तुझ्या प्रबंधासाठी शांतिसेनेची एकच मोहीम निवड. ही तत्त्वं मान्य केलेल्या देशांच्या तुकड्या हल्ल्याच्या वेळी इतरांपेक्षा लवकर बाहेर पडल्या का, ते शोध. पहिला मसुदा मला पाठव, मी बारकाईने वाचेन.

सस्नेह