गच्चीवर सोलर आहे, मग कोळशाची वीज अजून का लागते?

प्रश्न: कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर 30 किलोवॅट सोलर आहे. कॉमन मीटरचं बिल जवळजवळ शून्य येतं. सगळ्यांनी हेच केलं आणि उरलेली गरज अणुवीजेवर भागवली, तर कोळसा बंद का नाही करता येणार?

उत्तर: बिल शून्य येतं ते नेट मीटरच्या, म्हणजे ग्रिडला दिलेले युनिट घेतलेल्यांतून वजा करणाऱ्या मीटरच्या हिशेबात. संध्याकाळी साडेसातला तुमची लिफ्ट सोलरवर चालत नसते. पुण्यात 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात. म्हणजे तुमचे रोजचे साधारण 120, तेही बहुतेक सकाळी 9 ते दुपारी 4 मध्ये. जुलै-ऑगस्टच्या झाकोळात निम्म्यावर येतात. जास्तीचे युनिट त्याच क्षणी दुसरं कुणीतरी वापरतं, आणि रात्री तुम्हाला मिळते ती त्या क्षणी दुसरीकडे तयार होणारी वीज. मागणी आणि निर्मिती सतत जुळली नाही की फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्झवरून सरकते.

खरी ओढाताण संध्याकाळी 6 ते 10 ची.

चंद्रपूर-कोराडीचे कोळशावरचे संच दुपारी बंद ठेवून संध्याकाळी चालू करावेत, असं वाटेल. पण थंड बॉयलर पेटवून टर्बाइन ग्रिडला जोडेपर्यंत 8-10 तास सहज जातात. घाई केली तर जाड धातूचे भाग आतून-बाहेरून वेगवेगळे तापतात आणि त्यांना तडे जातात. म्हणून संच चालू ठेवूनच दुपारी लोड 55 टक्क्यांच्या आसपास उतरवतात. त्याखाली भट्टीतली ज्योत डगमगायला लागते, तेल फवारून ती टिकवावी लागते. आपल्या कोळशात राख 30-40 टक्के. एका युनिटला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो आणि किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. कमी लोडवर हे आकडे आणखी बिघडतात. दुपारी कोळसा वाचतो खरा, पण वाटतो तेवढा नाही.

अणुवीज या ओढाताणीत कामाची नाही. तारापूरचे 540 मेगावॅटचे दोन संच एकसारख्या लोडवर चालवायचे असतात. अणुभट्टी अचानक बंद पडली की इंधनात न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन साचत जातो. अर्ध्या तासाच्या आत परत चालू झाली नाही तर सुमारे दीड दिवस थांबावं लागतं. खर्चही बहुतेक बांधणीचा, त्यामुळे लोड उतरवून फारसं काही वाचत नाही. जैतापूरचा अणुप्रकल्प अजून कागदावरच आहे.

संध्याकाळी धावून येते ती कोयनेची जलवीज. क्षमता 1,956 मेगावॅट, काही मिनिटांत लोड घेते. पण पश्चिमेकडे वळवायला पाणी वर्षाला 67.5 टीएमसीच (अब्ज घनफूट), ढोबळ हिशेबानं पूर्ण ताकदीनं रोज चारेक तास. घाटघरचा उदंचन प्रकल्प स्वस्त विजेवर पाणी वर चढवून गरजेला खाली सोडतो, पण तो 250 मेगावॅटचा. माझ्या मते कोळसा हटवायचा तर असे प्रकल्प आणि बॅटऱ्या वाढवणं हाच रस्ता.

सोसायटीपुरतं सांगायचं तर 6 ते 10 मध्ये लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून 40 युनिट जात असतील, तर 50 युनिटची लिथियम बॅटरी आणि सोलर, बॅटरी, ग्रिड तिन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागेल. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की लाइनमनच्या सुरक्षेसाठी बंदच होतो. एवढा खर्च करण्याआधी पाण्याचा पंप टायमर लावून 11 ते 3 मध्ये चालवा, ईव्ही चार्जिंगही तेव्हाच. खालच्या टाकीत फ्लोट स्विच मात्र बसवाच, नाहीतर टाकी रिकामी असताना पंप कोरडा फिरून जळेल.