कातकामाचं प्रदर्शन मांडताना

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कातकामाच्या, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून घडवलेल्या वस्तूंच्या, प्रदर्शनाचा आराखडा सावकाश वाचला. वस्तूंची निवड उत्तम आहे, पण दालनांची वाटणी खटकली. पहिल्या दालनात ‘परंपरा’, म्हणजे सावंतवाडीची आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी एकाच काचेच्या कपाटात, करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. दुसऱ्यात ‘समकालीन’, तिथे प्रत्येक वाडग्याला वेगळा चौथरा, कलाकाराचं नाव, लाकडाची जात, साल. अशाने पाटी वाचायच्या आधीच बघणारा ठरवून टाकतो की कला कुठली आणि जत्रेतला माल कुठला. मधली भिंत काढ.

चन्नपट्टणचा कारागीर काळ्या कुड्याचं लाकूड लेथवर फिरतं ठेवून त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, मग केवड्याचं पान दाबून तिला चकाकी आणतात. ब्रश नाही, वॉर्निश नाही. एका डबीवर चार रंगांचे पट्टे काठाला काठ भिडवून बसवणारा हात आणि कागदासारख्या पातळ काठाचा वाडगा कातणारा हात यांत मला तरी उंच-नीच दिसत नाही. त्या दोन वस्तू शेजारी ठेव, एकाच उंचीवर. अमेरिकन कातकाम कलाकार जेम्स प्रेस्टिनी यांचे साधे, पातळ लाकडी वाडगे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत, आणि ते तिथे करणाऱ्याच्या नावानिशी आहेत. तोच मान डबीला दे.

सावंतवाडीच्या वस्तूंची नावं लिहिताना जास्त चौकशी कर. कातणारा एक आणि रंगवणारा दुसरा असू शकतो, मग दोघांची नावं हवीत. शिवाय सगळंच लेथवर होत नाही. आंबा, पेरू कातता येतात, केळं मात्र तासून-कोरूनच करावं लागतं. पाटीवर तसंच लिही, लोकांना ते आवडतं. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना जागा देऊन लाखकामाला आणि गंजिफाला, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांना, पुन्हा उभारी दिली, हेही थोडक्यात येऊ दे. पण ‘लोप पावत चाललेली कला’ हे शब्द खोड. सावंतवाडीच्या चितार आळीतला, म्हणजे खेळण्यांच्या गल्लीतला, माणूस तुझ्यासमोर उभा राहून ते वाचणार आहे.

आता हवामान, कारण यात फार नुकसान होतं. पावसाळ्यात कोकणातून आलेलं लाकूड ओलावा धरून असतं. ते थेट मुंबईच्या एसी दालनात ठेवलंस तर भराभर सुकेल आणि तडकेल, जाड बुंध्याचे नग आधी. माल निदान दोन-तीन आठवडे आधी मागव, खोक्यांची झाकणं सैल करून ठेव, आणि एसी रात्री बंद, दिवसा चालू असं करू नकोस. वनस्पतिजन्य रंग उजेडाने उडतात, तेव्हा त्या वस्तूंवरचा उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर जाऊ देऊ नकोस. तापणारे दिवे तर नकोतच, लाख उष्णतेने मऊ पडते.

काही नग हाताळायला मोकळे ठेव. भोवरा काचेआड ठेवून काय कळणार? लेथही चालू दिसू दे. प्रेक्षकांच्या बाजूला पारदर्शक आडोसा लाव आणि कारागिराच्या शेजारी एकाच वस्तूच्या पायऱ्या मांड: साल असलेला तुकडा, कातलेला घाट, लाख चढलेला, पानाने घासलेला. दालनात फार माहिती चिकटवण्यापेक्षा एवढंच पुरे.

विक्रीचं सांगायचं राहिलं. खेळणी दाराजवळच्या भेटवस्तूंच्या टेबलावर आणि वाडगे यादीतल्या किमतीला, असं करू नकोस. सगळ्यांची एकच छापील यादी कर. लेथवर बसणाऱ्याला त्या दिवसांची मजुरी वेगळी दे, विक्री होवो न होवो. खेळण्यांचे पैसे माल घेतानाच चुकते कर. महिनोन्‌महिने पैसे अडकणं छोट्या कारखान्याला परवडत नाही. ही रक्कम तुझ्या अंदाजपत्रकात दिसली नाही. ती घालून कागद पुन्हा पाठव, मग छपाईचं बोलू.

तुझा,
काका